चार दिवस की आठ दिवस?

(सावरगाव येथे मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळानं मला विषय दिला होता 'जपानमधील माझे अनुभव'. पण तिथली फुलांनी लगडलेली झाडं आणि वेगानं धावणाऱ्या गाड्या आता तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिल्या आहेत. म्हणून मी परवानगी घेऊन विषय थोडा बदलला. आपल्या गावातल्या दोन मुली सध्या जपानी शिकून राहिल्या आहेत. तिकडे जाऊन वृद्धांची सेवा करण्याचं काम करायचं, असा त्यांचा विचार आहे. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांबद्दलचा करार झाला, त्यात हे कामही येतं. परवा त्यांतली एक मला म्हणाली, "मावशी, पाठ तर झालं सगळं. आता फक्त बोलायचं." मी तिला माझ्या मुलाच्या कानाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

लग्नानंतर मी पुण्यात होते. यजमानांना कंपनीनं जपानला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जपानी शिकायला लागले. पुण्यात ही सोय जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, शिवाय घरोघरचे वर्ग. प्राथमिक परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं आणि आम्ही नागोया शहराजवळ राहायला गेलो.

मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. एके दिवशी त्याचा कान ठणकायला लागला. हे कामावर होते. मी एकटीच त्याला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासलं, औषधाची चिठ्ठी दिली आणि शेवटी म्हणाले, "योक्का-गो नि माता किते कुदासाइ." मी ऐकलं "योऽका". योऽका म्हणजे आठ दिवस. मी मान हलवून म्हटलं, "हाइ, हाइ." आणि घरी आले.

योक्का म्हणजे चार दिवस. डॉक्टरांनी चार दिवसांनी बोलावलं होतं.

औषधाच्या पुड्याही चारच दिवसांच्या होत्या. तिथं मोजूनच देतात. मला वाटलं, चार दिवस औषध, मग चार दिवस आराम, मग दाखवायचं. सहाव्या रात्री पोराला ताप भरला आणि कान वाहायला लागला. हे नेमके गावाबाहेर होते. आवाज ऐकून शेजारच्या बाई दारात आल्या आणि विचारलं, "ताकुशीऽ योबिमाशोऽ का?" म्हणजे, टॅक्सी बोलावू का? मला म्हणायचं होतं, चालेल, बोलवा. मी म्हणाले, "दाइजोऽबु देस." पुस्तकात त्याचा अर्थ 'ठीक आहे' असाच दिलेला होता. पण कुणी काही देऊ केलं, मदत विचारली की 'दाइजोऽबु देस' म्हणजे 'राहू द्या, नको'. बाईंनी वाकून नमस्कार केला आणि त्या आत गेल्या. आपल्याकडे दोनदा नको म्हटलं तरी तिसऱ्यांदा आग्रह होतो. तिथं एकदा नको म्हटलं की पुन्हा विचारून समोरच्याला संकोचात टाकत नाहीत. मी पोराला कडेवर घेऊन अंधारात रस्त्यावर उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मला तारीख दाखवली आणि काही न बोलता एका कागदावर मोठा ४ लिहून दिला. मुलगा बरा झाला, पण त्या कानाला नीट ऐकू येतं की नाही, हे तपासायला आम्ही पुढे दोन महिने फेऱ्या घातल्या. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आता हे चुकलं कसं, ते पाहू. 'योक्का' आणि 'योऽका', दोन्ही तीन मात्रांचे शब्द. शाळेत आपण मात्रावृत्तं शिकलो. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. जपानी भाषा बोलायची ती अशीच मात्रा मोजून. 'योऽका'मध्ये मधली मात्रा स्वर लांबवून भरायची, 'योक्का'मध्ये तीच मात्रा क् वर थांबून भरायची. तेवढ्या एका ठेक्यात चाराचे आठ होतात. मका आणि मक्का यांत आपण कधी गोंधळ करतो का? छिंदवाड्याचा मका बाजारात येतो, मक्केला लोक यात्रेला जातात. कान तयार आहे, फक्त तो वापरायचा आहे.

अशी किती तरी उदाहरणं आहेत. 'किते' म्हणजे येऊन, 'कीते' म्हणजे ऐकून, 'कित्ते' म्हणजे कापून, आणि टपालाचं तिकीटही 'कित्ते'च. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. पन्नाशीच्या बाईंना मी 'ओबाऽसान' म्हणून मोकळी झाले होते. त्या हसल्या, पण तुम्ही इथं कुणा काकूंना आजी म्हणून बघा बरं! 'ब्योऽइन' म्हणजे इस्पितळ आणि 'बियोऽइन' म्हणजे केस कापायचं, नटायचं दुकान. आजारी माणसाला घेऊन टॅक्सीत बसताना हे नीटच म्हणायला हवं.

तोक्यो शहराचं नाव आपण 'टोकियो' म्हणतो. तिथं ते आहे 'तो-ओ-क्यो-ओ', चार मात्रा. आणि त आपल्या ताटातला, टोपलीतला ट नाही. जपानीत ट-ठ-ड-ढ नाहीतच. आपण ही नावं इंग्रजीतून घेतली म्हणून टोकियो, टोयोटा झालं. मूळ उच्चार तोयोता. तसंच 'आरिगातोऽ', त्याचं 'ॲरिगॅटो' करू नका. 'कोन्निचिवा' पाच मात्रांचं आहे, को-न्-नि-चि-वा. आपण घाईत एक न् खातो आणि चारच उरतात. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजवला, तो पुष्कळांनी वाचला असेल. जपानी हायकूत पाच-सात-पाच असं जे मोजतात, ते याच मात्रांनी.

इथं एक धोका आहे. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, ते शुद्धलेखनापुरतं ठेवतो. शिवाय आपल्या लिपीत आ, ए, ओ यांना ऱ्हस्व खूणच नाही. मी आता 'ओबासान' लिहिलं तर तुम्ही तो 'बा' लांबच वाचणार. म्हणून मुलींनो, वहीत देवनागरीत जपानी लिहिणं पहिल्या आठवड्यातच सोडा. हिरागाना लिपी शिका, मूळ अक्षरं सेहेचाळीस आहेत. आणि ती शिकताना तुम्हाला ओळखीचं काही दिसेल. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क आधी, त नंतर, मग न, म, य, र, व. हा आपल्या वर्णमालेचाच क्रम आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत अक्षरविद्या तिकडे गेली, सिद्धम् लिपीतले मंत्र तिथं अजून लिहितात आणि त्या अभ्यासातूनच जपानी अक्षरांचा हा क्रम लागला. गणपतीही त्याच वाटेनं गेले. तिथं त्यांना शोऽतेन किंवा कांगितेन म्हणतात. तोक्योच्या आसाकुसा भागात त्यांचं देऊळ आहे आणि तिथं नैवेद्याला मुळा वाहतात! क्योतोमध्ये त्यांच्यासाठी 'कांकिदान' नावाची तळलेली मिठाई करतात, वर चिमटून पाकळ्या काढलेली. आपला तळणीचा मोदकच तो.

आता आपल्याला काय फुकट मिळालं आहे, ते ऐका. 'चिंच' म्हणून पाहा. एकाच शब्दात दोन च आहेत, पहिला वेगळा आणि शेवटचा वेगळा. जपानीत 'चि' आहे तो चिंचेतला पहिला. 'त्सुनामी'तला 'त्सु' म्हणजे आपल्या चुलीतला चु. हिंदी बोलणाऱ्यांना हा आवाज मुद्दाम शिकावा लागतो, आपल्या आजीच्या तोंडात तो आहेच. 'सुझुकी'तला झु म्हणजे 'जुना' म्हणतानाचा जु. आपला अनुस्वारही तसाच. गंगा, पंत, पंप या तीन शब्दांत टिंब एकच, पण उच्चार तीन. जपानी 'न्' अगदी तसाच पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळतो, 'राम'चं 'राम्' म्हणतो. तसंच ते 'देसु' लिहितात आणि 'देस' म्हणतात. 'फु' मात्र जपून. ओठ दातांना लावायचे नाहीत. गरम चहावर फुंकर मारतो तसा हलका फु.

वाक्याची घडणही आपल्यासारखी. 'वाताशि वा गोहान ओ ताबेमास', मी भात खाते. क्रियापद शेवटी. 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. प्रश्नाला शेवटी 'का' लावायचा. "इकिमास का?" म्हणजे "जाता का?" आणि "आत्सुइ देस ने" म्हणजे "गरम आहे ना!"

पुण्यातल्या वर्गात एक गंमत झाली. माझं बोलणं आपल्याकडचं. 'मी जेवून राहिले' म्हटलं की वर्गातल्या मैत्रिणी हसायच्या. मग एके दिवशी धडा आला, 'ताबेते इमास'. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'इमास' म्हणजे आहे, राहिलं आहे. बाईंनी फळ्यावर अर्थ लिहिला, 'खात आहे', आणि अर्धा तास समजावलं. मी मागच्या बाकावरून म्हटलं, "बाई, हे तर खाऊन राहिलो!" त्या दिवसानंतर कुणी हसलं नाही. आणि तेवढ्यावर थांबत नाही हे. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. शब्दाला शब्द! ते 'ते' म्हणजे आपलं 'ऊन'.

घरातून निघताना आपण कधी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. जपानी माणूस दारात म्हणतो, "इत्ते किमास", जाऊन येतो. घरातले म्हणतात, "इत्तेराश्शाइ", जाऊन या. परत आल्यावर "तादाइमा" म्हणजे आलो बरं का, आणि आतून "ओकाएरि". 'लव्ह इन टोकियो' या १९६६ च्या सिनेमामुळे आपल्या पिढीला 'सायोनारा' तेवढं ठाऊक. पण रोज भेटणाऱ्या माणसाला सहसा ते म्हणत नाहीत, त्यात लांबच्या निरोपाचा सूर असतो. कामावरून निघताना "ओत्सुकारेसामा देशिता" म्हणा, मैत्रिणीला "माता आश्ता" म्हणजे पुन्हा उद्या.

जिथं भाषा आपल्यासारखी वाटते, तिथंच पाय घसरतो, हेही सांगून ठेवते. आपण बाहेरच्यांशी बोलताना 'बाबा आले', 'सासूबाई म्हणाल्या' असं आपल्या माणसांना मान देऊन बोलतो. जपानीत उलट आहे. बाहेरच्यांसमोर आपली माणसं खाली ठेवायची आणि त्यांची वर. दुसऱ्याची आई 'ओकाऽसान', पण तिच्याजवळ आपल्या आईबद्दल बोलताना 'हाहा'. दुसऱ्याचे वडील 'ओतोऽसान', आपले 'चिचि'. घरात आईला हाक मात्र 'ओकाऽसान' अशीच मारायची. 'सान' दुसऱ्याच्या नावाला लावायचं, स्वतःच्या कधीच नाही. फोनवर 'पाटीलसान बोलतेय' म्हणणं म्हणजे 'मी पाटीलसाहेब बोलतेय' म्हटल्यासारखं. 'आनाता' हा शब्द पुस्तकात 'तुम्ही' म्हणून दिलेला असतो. मी भाजीवाल्याला दोन आठवडे 'आनाता, आनाता' करत होते. पुढे कळलं की बायका नवऱ्याला हाक मारतात ती 'आनाता' म्हणून. म्हणजे आपलं 'अहो'! यजमान शेजारीच उभे होते, त्यांनी भाजीची पिशवी उचलली आणि गुपचूप पुढे चालू लागले. नाव माहीत असेल तर नावाला सान लावा, नसेल तर 'सुमिमासेन' म्हणून लक्ष वेधा. 'तुम्ही' न म्हणताही वाक्य पूर्ण होतं.

आणि सगळ्यांत फसवा शब्द 'हाइ'. आपण त्याला 'हो' समजतो. पुष्कळदा तो नुसता 'हं, ऐकतेय' असतो. पण ज्याला भाषा येत नाही अशा माणसानं 'हाइ' म्हटलं की समोरचा समजतो, कळलं याला. दवाखान्यात माझं नेमकं हेच झालं. योक्का-योऽकाची चूक कुणाचीही होईल. पण मी लाजले. पुन्हा विचारलं तर हिला येत नाही असं वाटेल म्हणून मी हाइ म्हटलं, आणि त्या लाजेची किंमत पोरानं मोजली.

म्हणून तीन वाक्यं आधी पाठ करा, बाकी सगळं नंतर. "मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास", पुन्हा एकदा सांगा. "वाकारिमासेन", मला कळलं नाही. आणि "काइते कुदासाइ". 'काइते' म्हणजे लिहून, 'कुदासाइ' म्हणजे द्या. लिहून द्या! मदत हवी असेल तर "ओनेगाइ शिमास", नको असेल तरच "दाइजोऽबु देस". तारीख, वेळ, औषध यांचा आकडा ऐकला की बोटांनी दाखवून परत म्हणून घ्या. एक वाजता म्हणजे 'इचि-जि', सात वाजता म्हणजे 'शिचि-जि'. ऐकताना घोटाळा होतो म्हणून तेही पुष्कळदा सातला 'नाना' म्हणतात. त्यांनाही त्यांच्या भाषेत घोटाळे होतात. विचारण्यात कमीपणा नाही.

कुणी म्हणेल, एवढं बारीक कशाला, चुकलं तर समजून घेतात की लोक. घेतात. भाजीवाल्यानं घेतलं, शेजारणीनं घेतलं. आपणही घेतो. नागपूरच्या दीक्षाभूमीचे भदंत सुरेई ससाई मूळचे जपानच्या ओकायामा भागातले. १९६० च्या दशकात ते भारतात आले आणि नागपूरचेच होऊन राहिले. त्यांच्या बोलण्यात काना-मात्रा किती चुकतात, हे इथं कुणी मोजत बसलं नाही. पण मुलींनो, तुम्ही जाणार आहात म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी. त्या कामासाठी साधारण एन-फोर पातळीची भाषा लागते, शिवाय सेवेच्या कामातल्या जपानीची वेगळी परीक्षा असते. ती तुम्ही पास व्हाल. परीक्षेत 'इताइ' म्हणजे दुखतं, हे बरोबर लिहाल. पण रात्री दोन वाजता दात काढून ठेवलेली नव्वद वर्षांची आजी पुटपुटेल, तेव्हा ती 'इताइ' म्हणाली की 'इकिताइ', दुखतंय की जायचंय, हे तुम्हालाच ओळखायचं आहे. तिला कागदावर लिहून द्या म्हणता येणार नाही. आणि ती 'दाइजोऽबु' म्हणाली तरी तिच्या तोंडाकडे पाहा. आपली आजीही पाय सुजलेला असताना 'मले काही नाही झालं' असंच म्हणते ना?

त्याची तयारी तिकडे जाऊन होत नाही, इथं होते. घरी आजीजवळ बसा. ती चूल कशी म्हणते, जुना कसा म्हणते, ळ कसा म्हणते, ते ऐका. चारी बाजूंनी हिंदी असताना ही भाषा आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे, पण मुलांच्या तोंडून चुलीतला च जायला लागला आहे. मला स्वतःला तो ऐकू आला तो जपानी शिकताना, पुण्याच्या वर्गात. त्याआधी तो फक्त जिभेवर होता.

वेळ संपत आली, आरतीची तयारी झालेली दिसते. तो ४ लिहिलेला कागद मी आज पर्समध्ये आणला आहे. या दोघींना नंतर दाखवीन.  दोमो आरिगातोऽ गोझाइमाशिता. 'दोमो'तले दोन्ही ओ लांब आहेत की एकच, हे आरतीनंतर या मुलींना विचारा.

गणपती बाप्पा मोरया!